झेंडा उभारण्याआधी पनवेलचे सिनेगॉग पाहा

१/ पनवेलमध्ये ज्यूंचे एक प्रार्थनामंदिर आहे: बेथ एल सिनेगॉग, स्थापना १८४९. इस्रायलवर तावातावाने वाद घालणाऱ्या इथल्या किती विद्यार्थ्यांनी ते पाहिले आहे? हा थ्रेड त्यांच्यासाठी. विशेषतः झायोनवादाच्या बाजूने महाविद्यालयात कार्यक्रम आखू पाहणाऱ्यांसाठी.

२/ झायोनवाद म्हणजे ज्यूंना त्यांच्या प्राचीन भूमीत स्वतःचे राष्ट्र असावे, हा विचार. त्यावरील कार्यक्रमाचा आपल्याकडे एक साचा ठरून गेला आहे: निळा-पांढरा झेंडा, प्रमुख पाहुणे, मोसादच्या शौर्यकथा आणि शेवटी समूहछायाचित्र. बाजू घेण्याला माझा आक्षेप नाही. आक्षेप हा, की या खटाटोपातून काय साधायचे आहे ते आयोजकांनाच सांगता येत नाही.

३/ वाद रंगला तरी तो दोन नावांपाशी अडतो. गांधीजींनी २६ नोव्हेंबर १९३८ च्या 'हरिजन'मध्ये पॅलेस्टाईनमधील अरबांवर ज्यूंना लादण्यास विरोध केला. सावरकरांनी डिसेंबर १९४७ मध्ये ज्यू राष्ट्राच्या निर्मितीचे स्वागत केले. दोघांची मते अवश्य वाचा. पण दोघांपैकी कोणाचेही घरदार या प्रश्नात पणाला लागले नव्हते. ज्यांचे लागले होते, ते मराठी बोलत होते.

४/ ते म्हणजे बेने इस्रायल. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आपले पूर्वज कोकणात आले, अशी त्यांची परंपरा सांगते. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे, म्हणून 'शनवार तेली'. आडनावे पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर: रायगड जिल्ह्याचा नकाशाच!

५/ १८९७ साली बासेल येथे पहिली झायोनवादी परिषद भरली. मुंबईच्या बेने इस्रायलांना निमंत्रण आले आणि त्यांनी ते नाकारले. पुनरागमन ईश्वराच्या हातून होईल, माणसांच्या परिषदेतून नव्हे, अशी त्यांची श्रद्धा होती. मुंबईत झायोनवादी संघटना उभी राहिली ती १९२० मध्ये. उत्साही आयोजक हा नकार झाकू पाहतो. का झाकावा? विचार करून दिलेला नकार हाही इतिहासच आहे.

६/ १९४८ नंतर हजारो बेने इस्रायल गेले. तिथे काहींच्या वाट्याला रंगावरून हेटाळणी आली. १९५१-५२ मध्ये त्यांनी ज्यू एजन्सीच्या दाराशी ठिय्या दिला. मागणी एकच: आम्हाला भारतात परत पाठवा. १९५२ साली शंभराहून अधिक जण परतले.

७/ पुढे आघात आणखी खोल गेला. १९६२ मध्ये मुख्य धर्मपीठाने विवाहनोंदणी करणाऱ्या रब्बींना आदेश दिला: बेने इस्रायल व्यक्तीचा इतर ज्यूंशी विवाह असेल, तर तिची मातृवंशावळ शक्य तितकी मागे जाऊन तपासा. ज्यूंच्या राष्ट्रात ज्यू म्हणून गेलेल्यांनाच ज्यूपणाचा पुरावा मागितला गेला.

८/ १९६४ च्या उन्हाळ्यात ते जेरुसलेममध्ये उपोषणाला बसले. हे हत्यार त्यांनी कोणत्या देशातून नेले, हे वेगळे सांगायला नको. १७ ऑगस्ट १९६४ रोजी इस्रायलच्या संसदेत, म्हणजे क्नेसेटमध्ये, बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू असल्याचे मान्य झाले. पुढे धर्मपीठाच्या आदेशातून त्यांचे नाव वगळण्यात आले.

९/ हेतुपूर्ण कृती कशी असते, ते इथे शिका. मागणी एका वाक्यात मावणारी. ती कोणाकडे करायची, हे निश्चित. यश मिळाले की नाही, हे कोणालाही तपासता येईल असे. तुमच्या कार्यक्रमाला या तीन कसोट्या लावा. एकही उतरत नसेल, तर सभागृहाचे भाडे वाचवा.

१०/ मग आखणी कशी करावी? विषय प्रश्नरूप ठेवा: '१८९७ चा नकार योग्य होता का?' अर्धा वेळ विरोधकांना द्या. १९४८ मध्ये बेघर झालेल्या पॅलेस्टिनी अरबांचे काय, हे ते विचारतीलच. त्याचे उत्तर घोषणेने देऊ नका. बेने इस्रायल कुटुंबांना श्रोते म्हणून नव्हे, वक्ते म्हणून बोलवा. आणि कार्यक्रम शनिवारी ठेवू नका! 'शनवार तेली' हा शब्द भाषणात वापरून शब्बाथच्याच दिवशी मंडप घालणारा आयोजक स्वतःच्या अज्ञानाची जाहिरात करतो.

११/ 'अन्यायाच्या या कथा सांगितल्या, तर आपली बाजू दुबळी होईल,' असा युक्तिवाद होईल. तो भित्र्यांचा युक्तिवाद आहे. जेरुसलेममध्ये उपाशी बसलेला कोकणी माणूस इस्रायलचा शत्रू नव्हता; तो त्या राष्ट्राला त्याच्याच वचनाची आठवण करून देत होता. त्याच्याइतका निष्ठावंत झायोनवादी तुमच्या फलकावरच्या एखाद्या सेनापतीत तरी सापडेल का?

१२/ स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात सुमारे वीस हजार बेने इस्रायल होते. आज देशातले सगळे ज्यू मिळून पाच हजारांच्या आसपास. महाराष्ट्राने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला तो २०१६ मध्ये. ज्यांना हे सारे आठवते, ते वृद्ध झाले आहेत. झेंडा पुढच्या वर्षीही मिळेल. त्या आठवणी मिळतीलच असे नाही. आधी त्या लिहून घ्या. (समाप्त)