आजींचा मेसेज माझ्या फोनवर

सेकंड इयरला एनएसएसच्या कॅम्पमध्ये आम्ही आयुष्मान कार्डाचे फॉर्म भरत होतो. एका आजींकडे मोबाईलच नव्हता. मागे ही गर्दी! मी सरळ माझा नंबर टाकला. ‘झालं आजी, नेक्स्ट!’ केवढी मदत केली, असं वाटलं होतं.

गेल्या महिन्यात मला मेसेज आला. त्या आजींच्या नावावर हॉस्पिटलमध्ये उपचार झाल्याचा. ते खरंच झाले का, हे फक्त आजीच सांगू शकतात. आणि मेसेज आलाय माझ्याकडे!

असं करणारी मी एकटी नाही. ‘कॅग’च्या २०२३च्या अहवालानुसार, आयुष्मान भारत योजनेत ९९९९९९९९९९ या एकाच नंबरवर जवळपास साडेसात लाख लाभार्थी नोंदलेले होते. आधी मृत दाखवलेल्या ३,४४६ रुग्णांच्या उपचारांपोटी ६.९७ कोटी रुपये दिल्याचंही त्यात आहे. ओळख आधारवरून पटते, मोबाईल नंबरवरून नाही, असं सरकारचं म्हणणं.

ठीक आहे. पण प्रश्न फक्त ओळखीचा नाही. खिशातून पैसे जातात तेव्हा आपण बिल वाचतो, प्रसंगी भांडतो. इथे कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार कॅशलेस. हॉस्पिटल नोंद पाठवतं, त्यावर पैसे मिळतात. पेशंटच्या हातात उरतो तो मेसेज. तेच त्याचं बिल.

अमेरिकेतल्या ‘मेडिकेड’ या सरकारी योजनेत तर बरीच राज्यं विमा कंपन्यांना दर माणशी ठरावीक रक्कम महिन्याला देऊन टाकतात. पेशंट डॉक्टरकडे गेला काय, न गेला काय! म्हणूनच तिथे प्रत्येक व्हिजिटची नोंद सरकारला देणं कंपन्यांना बंधनकारक आहे. नोंदच नसेल तर पैसे कशाचे दिले, हे कळणार कसं?

आपल्याकडे नोंद होते, पण ती बरोबर आहे का, हे प्रत्येक पेशंटला विचारलं गेलं पाहिजे. फॉर्ममध्ये ‘मोबाईल नाही’ असा पर्याय ठेवा. डिस्चार्जच्या वेळी मराठीत छापलेला कागद हातात द्या. वाचता येत नसेल तर आरोग्यमित्रांनी तो वाचून दाखवावा. एवढंही जमणार नाही का?

या रविवारी मी कॅम्पच्या गावी जातेय, आजींना शोधायला. तुम्हीही असे फॉर्म भरले असतील, तर एकदा आठवून बघा. नंबर कुणाचा टाकला होता?