मोतीरामचा मोतीरावण

दोस्तहो, मोर्च्यात आपण 'दलित-आदिवासी एकजुटीचा विजय असो' म्हणून घसा बसवतो. त्या आदिवासीची भाषा बोलून दाखव म्हटलं की सगळे गप. अन् हे कुठं? गोंड राजा बख्त बुलंद शहानं वसवलेल्या नागपुरात!

तिरुमाल मोतीरावण कंगाली हे नाव तुमच्यातल्या कितीजणांनी ऐकलं? १९४९ चा जन्म, रामटेक तालुक्यातलं दुलारा गाव. आधीचं नाव मोतीराम. त्यांनी राम काढला, रावण बसवला. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांना याचा अर्थ फोडून सांगायची गरज नाही. पोटासाठी रिझर्व्ह बँकेची नोकरी, बाकी जन्म गोंडीला. व्याकरण, शब्दकोश, 'पारी कुपार लिंगो गोंडी पुनेम दर्शन'. कोराडीची देवी, डोंगरगडची बमलाई मूळच्या गोंडांच्या, हे लिहून ठेवलं. पत्नी चंद्रलेखाताई याच कामात सोबतीला. २०१५ साली गेले.

सिंधूच्या मुद्रा गोंडीतून वाचता येतात, असा त्यांचा दावा होता. अभ्यासकांनी तो मानला नाही, मलाही पटत नाही. पण तेवढ्यावरून अख्खा माणूस मोडीत काढणारे पंडित त्यांचा शब्दकोश उघडूनही पाहत नाहीत. काहून? त्यासाठी गोंडी यावी लागते ना बाप्पा!

२०११ ची जनगणना काढा. संस्कृत मातृभाषा सांगणारे २४,८२१. गोंडी सांगणारे २९ लाख ८४ हजार. आठव्या अनुसूचीत संस्कृत आहे, गोंडी नाही. गडचिरोलीत मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ ला गोंडीतून शिकवणारी शाळा काढली. २०२२ ला शिक्षण खात्यानं ती अनधिकृत ठरवली. आपल्यापैकी कोण गेलं तिथं?

आणखी एक, ऐकायला कडू. आपले काही कार्यकर्ते गोंडवाड्यात जाऊन 'बौद्ध व्हा' एवढंच सांगतात. आपण धर्म सोडला, कारण त्यानं आपल्याला माणूस मानलं नाही. त्यांच्याजवळ त्यांचा कोया पुनेम आहे. बाबासाहेबांचं नाव घेऊन दुसऱ्याची देवघरं साफ करायला निघालो तर रामवाल्यांत अन् आपल्यात फरक काय राहिला?

संपादकांना सांगतो : पुढच्या अंकात गोंडी कविता छापा. आधी गोंडी, खाली मराठी. स्टेन्सिलवर जागा नसेल तर माझी कविता काढा.