कायदा ऐकू नका, वाचा!

कायद्यातील एका वाक्याची किंमत काय असते, हे बौद्ध कुटुंबांना नव्याने शिकविण्याची गरज नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या अनुसूचित जाती आदेशात एक वाक्य होते: हिंदू धर्माहून भिन्न धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. 1956 साली त्या वाक्यात शीख धर्माची भर पडली. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात नागपूरच्या भूमीवर लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली. परंतु त्या वाक्यात 'बौद्ध' हा एक शब्द येण्यासाठी 1990 साल उजाडावे लागले. चौतीस वर्षे! एका शब्दाची वाट पाहण्यात एक पिढी शिकली, कामाला लागली आणि म्हातारपणाकडे झुकली. ज्या समाजाने एका शब्दासाठी एवढे सोसले, त्या समाजाने कायद्याचा शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकून समाधान मानावे काय, हा आमचा आजचा प्रश्न आहे.

हा प्रश्न आता देशाच्या सीमेत मावणारा राहिलेला नाही. महाराष्ट्र शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर अनुसूचित जातीची व नवबौद्ध मुलेमुली परदेशातील विद्यापीठांत जातात. कोणी नोकरीनिमित्त तेथेच स्थायिक होतात. जात मात्र पारपत्र न दाखविताच त्यांच्या आधी तेथे पोहोचलेली असते. मग घरी आईबाप विचारतात, तेथे काही अन्याय झाला तर दाद कोठे मागायची? आणि उत्तर मिळते ते मोबाइलवर फिरणाऱ्या निरोपांतून! कोणी लिहितो, संयुक्त राष्ट्रांनी जातिभेद गुन्हा ठरविला. कोणी लिहितो, इंग्लंडात जातीला कायद्याने बंदी झाली. कोणी कळवितो, कॅलिफोर्नियाने जातिविरोधी कायदा केला. यांपैकी एकही विधान अगदी निराधार नाही, आणि एकही जसेच्या तसे खरे नाही. अर्धसत्यावर विसंबून न्यायालयाची पायरी चढणारा माणूस हरतो, आणि आपल्याला काहीच अधिकार नाही असे समजणारा तर ती पायरी चढतच नाही. दोघांचेही नुकसान सारखेच.

वाचकहो, परदेशाचा कायदा शोधणे ही पूर्वी श्रीमंतांची व विद्यापीठांची मिरासदारी होती. 1946 साली अमेरिकेतील निग्रो जनतेच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे एक अर्ज गेल्याचे बाबासाहेबांच्या वाचनात आले. अस्पृश्यांच्या वतीने असेच काही करावे, असा विचार त्यांच्या मनात होता. त्यांनी काय केले? वर्तमानपत्रातील बातमीवर ते थांबले नाहीत. त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या विद्वानास पत्र लिहिले आणि त्या अर्जाच्या दोन-तीन प्रती मागविल्या. मूळ कागद डोळ्यांखाली घातल्याशिवाय पाऊल टाकायचे नाही, ही त्यांची शिस्त होती. आज ते पत्रसुद्धा अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संग्रहातून घरबसल्या, एक पैसाही न देता वाचता येते. बाबासाहेबांना जे समुद्रापलीकडून मागवावे लागले, ते आज आपल्या हातातील यंत्रावर उपलब्ध आहे. मग आपली सबब काय?

ही दारे आपोआप उघडलेली नाहीत. 1992 साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाने कायदे विनामूल्य प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. 1995 साली ऑस्ट्रेलियात व पुढे इंग्लंडात तशाच संस्था उभ्या राहिल्या. 2002 साली माँट्रियल येथे या संस्थांनी जाहीर केले की, सार्वजनिक कायदेविषयक माहिती हा सर्व मानवजातीचा समाईक ठेवा आहे. विद्येचा मक्ता मूठभरांच्या हाती राहिल्यामुळे काय भोगावे लागते, हे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अनुभवले, त्यांना या घोषणेचे मोल अधिक कळावे.

परंतु दार उघडे असले तरी आत हजारो दालने आहेत. येथे मार्गदर्शिकांचा उपयोग होतो. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयातील हाउजर कार्यक्रमाने 2005 साली 'ग्लोबालेक्स' हा उपक्रम सुरू केला. त्यात अनेक देशांच्या कायद्यांची ओळख त्या त्या विषयाच्या जाणकारांनी व ग्रंथपालांनी लिहिली आहे. त्या देशाची राज्यघटना कशी, न्यायालयांची उतरंड कशी, कायदे कोठे छापले जातात आणि निवाडे कोठे मिळतात, हे त्यात सांगितलेले असते. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाची व हेग येथील शांतता प्रासादाच्या ग्रंथालयाची मार्गदर्शनेही अशीच विनामूल्य आहेत. मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. मार्गदर्शिका म्हणजे कायदा नव्हे. मैलाचा दगड गाव कोणीकडे आहे ते सांगतो. दगडाशी बसून राहणारा गावाला पोहोचत नाही. म्हणून मार्गदर्शिका उघडताच ती केव्हा लिहिली वा सुधारली, ती तारीख प्रथम पाहावी आणि तिने दाखविलेल्या मूळ कायद्याकडे जावे.

आता वर सांगितलेले तीन निरोप या रीतीने तपासून पाहू.

पहिला निरोप संयुक्त राष्ट्रांविषयीचा. सर्व प्रकारच्या वांशिक भेदभावाचे उच्चाटन करणारा आंतरराष्ट्रीय करार 1965 च्या डिसेंबरात संमत झाला व 1969 च्या जानेवारीत अंमलात आला. त्याचा पहिला अनुच्छेद काढा. त्यात वंश, वर्ण, कूळ आणि राष्ट्रीय वा वांशिक मूळ या कारणांवरून होणारा भेदभाव सांगितला आहे. 'जात' हा शब्द तेथे नाही. पण 'कूळ', म्हणजे जन्माने चिकटलेली वंशपरंपरा, हा शब्द आहे. आणि गंमत अशी की, तो शब्द मसुद्यात घालण्याची सूचना भारताच्याच प्रतिनिधीने केली होती. 1996 साली भारत सरकारने या शब्दात जात येत नाही अशी भूमिका घेतली. कराराच्या देखरेख समितीने ती मान्य केली नाही. पुढे 2002 साली समितीने आपल्या एकोणतिसाव्या सर्वसाधारण शिफारशीत स्पष्ट म्हटले की, कुळावरून होणाऱ्या भेदभावात जातीसारख्या सामाजिक उतरंडीतून होणारा भेदभाव येतो.

तेव्हा निरोप खरा काय? थांबा. संयुक्त राष्ट्रांच्या करारसंग्रहात या कराराच्या नावापुढे प्रत्येक देशाची नोंद असते. भारताने 1968 च्या डिसेंबरात करारास अनुसमर्थन दिले, हे तेथे दिसते. पण चौदाव्या अनुच्छेदाखाली व्यक्तीची तक्रार समितीने ऐकावी यासाठी देशाने वेगळी संमती द्यावी लागते, आणि ती भारताने दिलेली नाही. म्हणजे समितीचे मत आपल्या बाजूचे आहे, पण तिच्या दारात व्यक्तीला उभे राहता येत नाही. शिफारस म्हणजे गुन्ह्याचा कायदा नव्हे. ती सरकारला जाब विचारण्याचे साधन आहे आणि त्याच कामी ती वापरावी.

दुसरा निरोप इंग्लंडचा. तेथील सरकारच्या विनामूल्य कायदेसंग्रहात 2010 चा समानता कायदा उघडा. नवव्या कलमात वर्ण, राष्ट्रीयत्व आणि वांशिक वा राष्ट्रीय मूळ यांचा उल्लेख आहे. मंत्र्याने आदेश काढून जातीचा समावेश 'करता येईल', असे प्रथम म्हटले होते. 2013 च्या कायद्याने ते 'केला पाहिजे' असे झाले. येथेच वाचन थांबविणारा माणूस आनंदाने निरोप पाठवितो. पण 2018 च्या जुलैत तेथील सरकारने तो आदेश न काढता ते बंधनच रद्द करण्याचा आपला मनोदय जाहीर केला आणि न्यायालयीन निर्णयांवर विसंबावे असे ठरविले. मग सारे संपले काय? नाही. तेथील रोजगारविषयक अपील न्यायाधिकरणाने डिसेंबर 2014 मध्ये असे म्हटले आहे की, 'वांशिक मूळ' या शब्दांचा अर्थ व्यापक असून कुळाशी निगडित अशी जातीची काही प्रकरणे त्यात बसू शकतात. हा निवाडा संपूर्ण उपलब्ध आहे. 'काही प्रकरणे' हे शब्द विसरू नका. वाट आहे, पण ती पायवाट आहे, हमरस्ता नव्हे. जो हे जाणून वकिलाकडे जाईल, तो योग्य प्रश्न विचारील आणि ठरलेल्या मुदतीत विचारील.

तिसरा निरोप थोडक्यात निकालात निघतो. कॅलिफोर्नियाच्या दोन्ही सभागृहांनी जातीविषयीचे विधेयक संमत केले होते, पण 2023 च्या ऑक्टोबरात राज्यपालांनी ते नाकारले. त्याच वर्षी फेब्रुवारीत सिअ‍ॅटल या शहराने मात्र आपल्या भेदभावविरोधी नियमांत जात घातली. एक शहर आणि एक राज्य, संमत विधेयक आणि अंमलात आलेला कायदा, हा भेद ज्याला कळत नाही तो स्वतःची व दुसऱ्याचीही फसगत करतो.

परदेशाचा हा अभ्यास आपल्या देशात निरुपयोगी आहे, असे कोणी समजू नये. आपल्या संविधानाचा अनुच्छेद 51 आंतरराष्ट्रीय कायद्याविषयी आदर जोपासण्यास सांगतो, आणि अनुच्छेद 253 करार अंमलात आणण्यासाठी कायदा करण्याचा अधिकार संसदेस देतो. करार केवळ सही केल्याने आपल्या न्यायालयात कायदा होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1980 साली कर्जदाराच्या तुरुंगवासाच्या प्रकरणात सांगितले. पण त्याच प्रकरणात कराराच्या प्रकाशात आपल्या कायद्याचा अर्थ लावून निर्धन कर्जदाराची बाजू उचलून धरली. 1997 साली विशाखा प्रकरणात, देशात कायदा नव्हता तेव्हा, स्त्रियांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेऊन कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध नियम घालून दिले. कोणीतरी तो करार वाचला होता, म्हणूनच तो न्यायालयापुढे आला.

आणखी एक इशारा. आता प्रश्न विचारताच क्षणात उत्तर देणारी यंत्रे निघाली आहेत. त्यांच्यावर भरवसा ठेवून अस्तित्वातच नसलेले निवाडे सादर केल्याबद्दल न्यूयॉर्कमधील फेडरल न्यायालयाने 2023 साली दोन वकिलांना व त्यांच्या संस्थेला मिळून 5,000 डॉलरचा दंड केला. वकिलांची ही गत, तर सामान्य माणसाने किती जपावे! यंत्र सांगो वा पुढारी सांगो, मूळ पान उघडून शब्द पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नये. ऐकीव गोष्ट पारखून घ्यावी, हे तर तथागतांनी कालामांना सांगितलेच आहे.

ही सामग्री बहुतांशी इंग्रजीत आहे, ही अडचण खरी. पण आज आपल्या वस्तीत महाविद्यालयात जाणारा मुलगा किंवा मुलगी नाही असे क्वचितच होईल. रविवारी विहारात वंदना झाल्यावर अर्धा तास ठेवा. मुलांनी एक अनुच्छेद वाचावा, मराठीत सांगावा आणि वडीलधाऱ्यांनी प्रश्न विचारावेत. आरंभ आपल्याच विषयापासून करा. 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील अठरावा अनुच्छेद धर्म बदलण्याचे स्वातंत्र्य स्पष्ट शब्दांत सांगतो. 1966 च्या नागरी व राजकीय हक्कांच्या कराराच्या अठराव्या अनुच्छेदात 'बदलणे' हा शब्द नाही, धर्म 'बाळगणे वा स्वीकारणे' असे शब्द आहेत. मग धर्मांतराचा हक्क कमी झाला काय? 1993 साली मानवी हक्क समितीने बाविसाव्या सर्वसाधारण अभिमतात याचे उत्तर दिले आहे. ते उत्तर आम्ही येथे देत नाही. ते तुम्ही शोधा, वाचा आणि विहारात सर्वांना वाचून दाखवा. ज्या हक्काच्या बळावर तुम्ही नवा धम्म स्वीकारला, त्याचा शब्द तुमच्या स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेला असावा.