पाइप ने, डबा नाही

गेल्या आठवड्यात पुण्याहून चुलतभावाचा फोन आला. चिरंजीवांना एकविसावं लागतंय. "नानांच्या पाइपातला एक चकाचक करून दे, आणि बरोबर चांगल्या तंबाखूचा एक डबा. आजोबांची आठवण म्हणून!" मी म्हटलं, पाइप तुझ्या वडिलांचे आहेत, हवा तो ने. डबा देणार नाही. तर साहेब चिडले. मग काकूचा फोन, मग आत्याचा. फोनवर मला नीट भांडता येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून इथे लिहितोय. घरची मंडळी चोरून हा ब्लॉग वाचतात हेही मला माहीत आहे :)

आधी कबुली देतो. मला पाइप मनापासून आवडतात. आज माझ्याकडे त्रेचाळीस आहेत. अकरा नानांचे (काकूनंच दिले), बरेचसे चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर घासाघीस करून घेतलेले, आणि काही बोटीवरच्या ओळखीच्या लोकांकडून. न्हावा शेव्यात वीस वर्षं कंटेनरचे कागद रंगवल्यावर अशा ओळखी होतातच. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाशी येणारी गाठ. ती उकळतात, महिनोन्महिने वाळवतात आणि मग कोरतात. लाकूड असून निखाऱ्याला दाद देत नाही. चांगल्या गाठीचा पाइप उन्हात धरला की आत ज्वाळेसारख्या उभ्या रेषा दिसतात, आणि प्रत्येक पाइपच्या वेगळ्या. एक मीरशॉमचा आहे, तुर्कस्तानातल्या एस्कीशेहिर भागात मिळणाऱ्या पांढऱ्या मऊ दगडाचा. तो वापरून वापरून मधासारखा पिवळा झालाय. एक मिसुरीकडचा, मक्याच्या कणसाचा, अगदी शेतकरी थाटाचा. जुन्या पाइपांच्या दांड्या एबोनाइटच्या असतात, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. आमच्या खाडीच्या हवेत त्या हिरवट पडतात. दर पावसाळ्यानंतर मी त्या घासत बसतो आणि दोन दिवस बोटांना गंधकाचा वास येतो. त्या दोन दिवसांत बायको मला कणकेच्या परातीला हात लावू देत नाही.

आणि सहा वर्षं मी ओढलाही. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं. भरण्यात, दाबण्यात, विझला की पुन्हा पेटवण्यात संध्याकाळ कशी जाते कळत नाही.

तेव्हा भांडण पाइपशी नाही. भांडण फोनवर ऐकलेल्या दोन वाक्यांशी आहे.

पहिलं वाक्य: "पाइपनं काही होत नाही रे, धूर आत घ्यायचाच नसतो." हे मी २००८ मध्येही ऐकलं होतं, नानांच्याच तोंडून. त्या वर्षी २ ऑक्टोबरला सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदी आली. नाना म्हणाले, ते सिगारेटवाल्यांसाठी आहे. (नाही. २००३ च्या कायद्यात धूम्रपानाची जी व्याख्या आहे तिच्यात पाइपचं नाव घेतलेलं आहे.) तेव्हा त्यांच्या जिभेच्या कडेला, जिथे दांडी टेकायची तिथेच, एक पांढरा चट्टा होता. आम्ही सगळ्यांनी पाहिला होता. दातामुळे असेल, तिखटामुळे असेल... पाइपमुळे असेल असं आठ महिने कोणी म्हणालं नाही, कारण पाइपनं काही होत नाही. पुढचं घरात सगळ्यांना ठाऊक आहे. काकू, तू अजून पाहुण्यांना "वय झालं होतं" म्हणून सांगतेस. एकसष्ट म्हणजे वय नव्हे गं.

पाइपच्या शौकिनांचं आवडतं हत्यार म्हणजे १९६४ चा अमेरिकन सर्जन जनरलचा अहवाल. पाइप ओढणाऱ्यांचा मृत्युदर न ओढणाऱ्यांपेक्षा फारसा जास्त नाही, असं त्यात आहे. खरंच आहे. पण त्याच अहवालात पाइप ओढण्यामुळे ओठाचा कर्करोग होतो, असंही म्हटलंय. ते पान मात्र कोणी उघडत नाही. शिवाय २००४ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या लोकांनी सुमारे १ लाख ३८ हजार पुरुषांच्या नोंदी तपासल्या. नुसता पाइप ओढणाऱ्यांनाही तोंड-घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, फुफ्फुस या सगळ्यांच्या कर्करोगाचा धोका वाढलेला दिसला. सिगारेटपेक्षा कमी, हे मान्य. पण चौथ्या मजल्यावरून पडणं दहाव्यापेक्षा बरं, म्हणून कोणी उडी मारतं का?

दुसरं वाक्य मला जास्त झोंबलं. "पाइप म्हणजे व्यसन नव्हे, ती एक संस्कृती आहे."

बरं. मग आजीची मिश्री काय होती? आजीला मिश्री लावायला मागच्या पडवीत जावं लागायचं, पाहुणे आले की डबी लपवावी लागायची. आणि नाना दिवाणखान्यात, आरामखुर्चीत, सगळ्यांसमोर. पान एकाच झाडाचं! फरक एवढाच, की हिंदी सिनेमात रेशमी गाऊन घालून जिना उतरणाऱ्या हिरॉइनच्या बापाच्या हातात पाइप असतो, मिश्रीची डबी नसते.

आमच्या यार्डात एक साहेब होते (आता नाहीत). तंबाखू मळणाऱ्या ड्रायव्हरला "गलिच्छ माणसं" म्हणायचे, आणि माझ्या टेबलावर पाइप दिसला की "व्वा, काय टेस्ट आहे!" गेटबाहेर रात्रभर ट्रेलरच्या रांगेत जागा राहणारा माणूस तंबाखूचा बार भरतो तो चैन म्हणून नव्हे. त्याला कोणी संस्कृती म्हणत नाही. एकदा बीडकडच्या एका ड्रायव्हरनं माझा पाइप हातात घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाला, "साहेब, चिलीमच की ही. आमच्या आज्याची मातीची होती. हिची छापी कुठंय?" माझ्या संग्रहाचं इतकं अचूक वर्णन आजवर कोणी केलेलं नाही. त्यानंतर मी दोन मातीच्या चिलमी आणि एक जुनी चंची मिळवली. त्या पाइपांच्याच कपाटात आहेत, त्याच फळीवर.

एक मित्र म्हणतो, एवढं कळतं तर कपाट भंगारात दे. का म्हणून? पुण्याला केळकर संग्रहालयातले अडकित्ते बघून कोणी सुपारी खायला लागत नाही. कारागिरी ती कारागिरी. मी २०१० नंतर पेटवलेला नाही, आणि "न ओढलेला पाइप म्हणजे न वाजवलेली सतार" हे ऐकून ऐकून कान किटलेत. सतारीनं जीभ कापावी लागत नाही.

तर चिरंजीवांना सांग, रविवारी ये. अटल सेतूवरून येऊ नकोस, पुण्याहून तो उलटा पडतो, पनवेलवरूनच ये. अकराही काढून ठेवतो. हवा तो निवड. दांडी कशी घासायची ते शिकवतो, आणि वाडग्यातला काळा थर आजोबांचा आहे, तो खरवडू नकोस. जिभेच्या चट्ट्याचंही मीच सांगेन, तुला जमणार नसेल तर.