शिदोरीचा हिशेब

गेल्या आषाढी एकादशीस आमचा नातू कामठीहून सायकलीनें रामटेकास गेला. ‘देवदर्शनास निराहार जावें,’ असें आम्हींच त्यास बजावलें होतें. परततांना कन्हानच्या पुलाजवळ त्यास घेरी आली. वाटसरूंनीं सांवरलें म्हणून अनर्थ टळला. रामगिरीवरील कृश यक्षाचें वर्णन आम्हीं वर्षानुवर्षें वर्गांत रंगवून शिकविलें. घरच्या पोराचें रिकामें पोट मात्र आम्हांस दिसलें नाहीं!

शरीरांतील शर्करेचा सांठा दोन-तीन तासांच्या जोरकस श्रमानें ओसरतो. म्हणून लांबच्या सफरींत ताशीं ३० ते ६० ग्रॅम पिष्ट-शर्करा पोटांत जावयास हवी. सायकलपटू पुडींतून चोखतात त्या ‘जेल’मध्यें ती सुमारें २५ ग्रॅम असते; मध्यम केळ्यांतही जवळजवळ तितकीच. जेल लवकर अंगीं लागतें, पण त्यावर पाणी हवेंच. शेंगदाण्याचा लाडू स्निग्ध, सावकाश पचणारा. तो विसाव्याच्या वेळीं खावा.

नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीं २०१७ सालीं अमेरिकेच्या आरपार जाणारी सुमारें ४,८०० किलोमीटरांची सायकलशर्यत बारा दिवसांच्या आंत पुरी केली. असा पल्ला उपाशीपोटीं गांठतां येत नाहीं.

आतां एकादशीसही केळीं, राजगिऱ्याचे लाडू नि सैंधव-साखरेचें पाणी नातवाच्या पिशवींत आम्ही स्वहस्तें भरतों. देव रागावल्याचें अद्याप दिसलें नाहीं.