डबा टीव्ही काढावा की ठेवावा? एका घरगुती वादामागचा सव्वाशे वर्षांचा इतिहास

१/ नगर-सोलापूर महामार्गावरचे मिरजगाव हे कर्जत तालुक्यातील बाजाराचे गाव. अशा गावातील काही घरांच्या शोकेसमध्ये पाठीला फुगवटा असलेला टीव्ही अजूनही आपली जागा धरून असतो. दिवाळी जवळ आली की त्याच्यावरून वाद सुरू होतो. नातू म्हणतो, भिंतीवरचा सपाट टीव्ही घेऊ. आजोबा म्हणतात, चालू आहे तो कशाला काढायचा?

२/ वाद घरगुती असला, तरी त्याच्या पोटात इतिहासाचा एक मोठा प्रश्न दडलेला आहे. एखादे यंत्र कालबाह्य झाले, हे ठरवतो कोण? ते वापरणारा, बनवणारा, दुरुस्त करणारा, की त्याच्याकडे संकेत पाठवणारा? या चौघांची कहाणी पाहिल्याशिवाय आजोबा बरोबर की नातू, हे सांगता येत नाही.

३/ आरंभ १८९७ मध्ये होतो. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राऊन यांनी त्या वर्षी कॅथोड किरणांची नलिका तयार केली. निर्वात काचेच्या एका टोकाकडून इलेक्ट्रॉनांचा झोत सुटतो, दुसऱ्या टोकावरच्या लेपावर आदळतो आणि तेथे प्रकाश उमटतो. शोकेसमधल्या डब्याची ‘पिक्चर ट्यूब’ ही याच नलिकेची वंशज. पाठीवरचा फुगवटा म्हणजे त्या झोताला धावण्यासाठी लागणारी जागा.

४/ भारतीय पद्धतीत एक चित्र ६२५ रेषांचे आणि सेकंदाला अशी २५ चित्रे. म्हणजे झोत सेकंदाला १५,६२५ वेळा आडवा धावे. जुना टीव्ही लावताच लहान मुलांना ऐकू येणारी ती बारीक ‘कीं’ याच वेगाची होती. वय वाढले की कान तो स्वर सोडून देतात, म्हणून आजोबांना तो ऐकू येत नसे.

५/ दिल्लीत दूरचित्रवाणी १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाली. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ चे, आणि पुढच्याच वर्षी पुण्याला मुंबईचे कार्यक्रम दिसू लागले. मात्र दूरचित्रवाणीचे संकेत जवळपास सरळ रेषेत जातात. डोंगर आडवा आला की ते अडतात आणि अंतर वाढले की विरतात. त्यामुळे पहिली दहा वर्षे महाराष्ट्रातील टीव्ही मुख्यतः मुंबई-पुणे परिसरापुरताच राहिला.

६/ १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात ‘साइट’ हा उपग्रह प्रयोग झाला. नासाच्या उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील २,४०० गावांत सार्वजनिक संच चालवले गेले. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता. शेजारचा विजापूर जिल्हा मात्र होता. प्रयोगाचे व्यवस्थापन कोल्हापुरात जन्मलेले शास्त्रज्ञ एकनाथ चिटणीस यांच्याकडे होते. गावासाठी एक संच आणि समोर सारे गाव, हे त्या प्रयोगाचे गृहीतक. टीव्ही ही खासगी वस्तू असते, अशी कल्पनाच त्यात नव्हती.

७/ १९८२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. वर्षअखेरीस दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धा रंगांत दिसल्या. पुढे इन्सॅट-१बी उपग्रह आला आणि लहान शक्तीच्या प्रक्षेपकांचे जाळे विणले गेले. १९८४ साली काही महिने देशात दिवसाला जवळपास एक नवा प्रक्षेपक उभा राहत होता. ग्रामीण महाराष्ट्रात टीव्ही खऱ्या अर्थाने पोहोचला तो या लाटेबरोबर.

८/ लहान प्रक्षेपकाचा आवाका पंचवीसेक किलोमीटरचा. त्यापलीकडच्या घरांनी उंच बांबूला अँटेना बांधावी, एकाने छतावर ती फिरवावी, दुसऱ्याने खालून ‘आलं, आलं… गेलं!’ असे ओरडावे, हा तेव्हाचा नित्यक्रम. पडद्यावरच्या मुंग्या कमी झाल्या की ती दिशा पक्की. चित्र मिळवण्यासाठी घरातल्यांना अंग हलवावे लागे. म्हणून त्या डब्याविषयी आजही जी आपुलकी आहे, तिचा काही भाग त्या श्रमांचा आहे.

९/ जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ या काळात रविवारी सकाळी ‘रामायण’ लागे. ज्याच्या घरी संच, त्याच्या ओसरीवर आळी जमे. ‘आमची माती, आमची माणसं’ या कार्यक्रमाने शेतीची माहिती मराठीत घरापर्यंत आणली. संच एका कुटुंबाच्या पैशाचा, पण पाहणे अनेकांचे. ‘साइट’चे गृहीतक सरकारी आदेशाविनाच गावोगाव टिकून होते. संच स्वस्त झाले आणि घरोघर पोहोचले, तशी ही ओसरी रिकामी होत गेली. सपाट पडदा येण्यापूर्वीच ही घटना घडून गेली होती. तिचा दोष त्याच्यावर टाकणे अन्यायाचे ठरेल.

१०/ आता कारखान्याकडे. नगरच्या शेजारच्या जिल्ह्यात, तेव्हाच्या औरंगाबादजवळ पैठण रस्त्यावरील चितेगाव येथे व्हिडिओकॉनचा कारखाना होता. १९८० च्या दशकात टीव्ही बनवू लागलेली ही कंपनी देशातील मोठ्या उत्पादकांपैकी एक झाली. मराठवाड्यात बनलेला टीव्ही नगर जिल्ह्यातील शोकेसमध्ये बसावा, हे अंतर तसे फार नव्हते.

११/ २००५ मध्ये याच कंपनीपुढे तोच प्रश्न उभा राहिला, जो आज मिरजगावच्या घरापुढे आहे: जुन्या पडद्याबरोबर राहावे की नव्याकडे जावे? फ्रान्सची थॉमसन कंपनी आपला चित्रनलिकांचा व्यवसाय विकून बाहेर पडू पाहत होती. व्हिडिओकॉनने तो घेतला. इटली, पोलंड, मेक्सिको आणि चीन येथील कारखान्यांसह.

१२/ त्या निर्णयाला आज हसणे सोपे आहे, पण तेव्हा त्यामागे तर्क होता. भारतासारख्या देशांत कोट्यवधी घरांना अजून पहिलाच टीव्ही घ्यायचा होता आणि सपाट पडदा त्यांच्या खिशाबाहेर होता. चूक झाली ती वेगाच्या अंदाजात. सपाट पडद्यांच्या किमती अपेक्षेपेक्षा लवकर उतरल्या. २००७-०८ च्या सुमारास जगभरच्या विक्रीत एलसीडीने चित्रनलिकेला मागे टाकले.

१३/ २०१८ मध्ये व्हिडिओकॉनचे दिवाळखोरी प्रकरण राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने दाखल करून घेतले. त्याची कारणे अनेक. दूरसंचारापासून तेलापर्यंत पसरलेला व्याप आणि कर्जाचा डोंगर त्यांत मोठा. केवळ चित्रनलिकेने कंपनी बुडाली, असे म्हणणे खरे होणार नाही. पण जुन्या पडद्यावर विश्वास ठेवण्याची किंमत घराला आणि कारखान्याला सारखी नसते, हा धडा त्यात आहे. घर पाच वर्षे थांबले तर त्याचा फायदाच होतो. कारखाना पाच वर्षे थांबला तर बाजार निघून जातो.

१४/ तिसरी कहाणी संकेताची, आणि ती सर्वांत निर्णायक. केबल वाहिन्यांचे सक्तीचे डिजिटलीकरण २०१२ मध्ये महानगरांपासून सुरू झाले; ग्रामीण भागासह उरलेल्या देशासाठी ३१ मार्च २०१७ ही मुदत होती. पाठोपाठ दूरदर्शनचे जमिनीवरचे अ‍ॅनालॉग प्रक्षेपकही, मोक्याच्या जागांवरील मोजके अपवाद वगळता, २०२२ पर्यंत बंद करण्यात आले.

१५/ याचा अर्थ असा की छतावर अँटेना अजून असेल, तर तिला आता काहीच मिळत नाही. संच धडधाकट, अँटेना शाबूत, आणि पडद्यावर केवळ मुंग्या. डब्यात कोणताही बिघाड न होता तो एकट्याने निरुपयोगी झाला. त्याला जगण्यासाठी सेट टॉप बॉक्सची कुबडी लागते. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेली दूरदर्शनची छत्री, म्हणजे आजची फ्री डिश, मासिक शुल्काविना ही सोय देते. पण पेटी ज्याची त्याने विकत घ्यायची.

१६/ इतर देशांनी हे संक्रमण कसे केले? ब्रिटनमध्ये ४०५ रेषांचे प्रक्षेपण १९३६ चे. १९६४ मध्ये ६२५ रेषा आल्या, तरी जुने प्रक्षेपण १९८५ पर्यंत चालू ठेवले गेले. जुन्या संचांना वीस वर्षांची सवड मिळाली. अमेरिकेने १२ जून २००९ रोजी मोठ्या केंद्रांचे अ‍ॅनालॉग प्रक्षेपण थांबवले, पण त्यापूर्वी घरांना परिवर्तक पेटीसाठी ४० डॉलरची कूपने दिली. संकेत बदलण्याचा निर्णय सार्वजनिक, तर त्याचा खर्चही काही अंशी सार्वजनिक, हे तत्त्व त्यामागे होते. भारतातील केबल ग्राहकाने पेटीचा भार मुख्यतः स्वतःच उचलला.

१७/ चौथा माणूस म्हणजे बाजारपेठेतला मेकॅनिक. डब्याचा फ्लायबॅक गेला, कपॅसिटर फुगला, तर तो एका बैठकीत नवा जीव देई. आता सुटे भाग मिळेनासे झाले आणि त्या नलिकेची नाडी ओळखणारे हातही थोडे उरले. नव्या टीव्हीत बॅकलाइटच्या पट्ट्या बदलता येतात, बोर्डही दुरुस्त होतात. पण पडद्यालाच तडा गेला तर दुरुस्तीचा खर्च नव्या संचाच्या जवळ जातो.

१८/ आता नातवाची बाजू. २१ इंची डबा साधारण ८० ते १०० वॅट वीज घेतो. ३२ इंची एलईडी साधारण त्याच्या निम्म्यात भागवतो. वजनात तर तुलनाच नाही. पडद्यावरची बारीक अक्षरे वाचता येतात, आणि स्पर्धा परीक्षेची व्याख्याने घरातल्या मोठ्या पडद्यावर पाहता येतात. हे फायदे खरे आहेत. ‘जुने ते सोने’ म्हणून ते झटकता येणार नाहीत.

१९/ आजोबांचीही एक बाजू फारशी कोणी मांडत नाही. जुने प्रक्षेपण ४:३ चौकटीचे होते. तेच चित्र १६:९ च्या पडद्यावर ताणले की माणसे बसकी आणि गोलमटोल दिसतात. कमी रेषांचे चित्र मोठ्या पडद्यावर पुसट होते. ज्या घरात आजही साध्या दर्जाच्या वाहिन्याच पाहिल्या जातात, त्या घराला मोठा पडदा घेऊन अधिक स्पष्टता मिळेलच असे नाही. पडदा बदलला तरी संकेत तोच राहिला, तर पैसा भिंतीच्या शोभेवर जातो.

२०/ मग निवाडा काय? संच चालू आहे, पेटी जोडलेली आहे आणि गरज केवळ बातम्या-मालिकांची आहे, तर शेजाऱ्याकडे आहे म्हणून तो काढण्याचे कारण नाही. पण नलिका अंधारली, भाग मिळेना, किंवा घरात शिकणारे मूल आहे, तर नवा घ्यावा आणि खंत बाळगू नये. या निवाड्यात नातवाला अर्धे माप मिळते, आजोबांनाही अर्धे. मात्र डबा उंबऱ्याबाहेर जाण्यापूर्वी तीन कामे व्हायलाच हवीत.

२१/ पहिले काम कॅसेटचे. १९८० आणि ९० च्या दशकांतील लग्ने, सत्कार आणि जत्रांचे चित्रण व्हीएचएस फितीवर झाले. या फितींचा चुंबकीय लेप काळाने झडतो. त्या चालवणारे यंत्र बनवणाऱ्या अखेरच्या मोठ्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. डबा, व्हीसीआर आणि फीत ही एकच साखळी आहे. एक कडी भंगारात गेली की उरलेल्या दोन मुक्या होतात. म्हणून आधी फिती डिजिटल करून घ्याव्यात. गावाचा दृश्य इतिहास सरकारी दप्तरात नसतो; तो कपाटातल्या या काळ्या पेट्यांत असतो.

२२/ दुसरे काम नोंदीचे. संचाच्या पाठीवरच्या चिकटपट्टीवर कंपनी, मॉडेल आणि बहुधा कारखान्याचे गाव असते. त्याचे छायाचित्र घ्यावे. खरेदीची पावती असेल तर जपावी. संच कोणत्या पिकाच्या पैशातून आला, पहिल्या दिवशी ओसरीवर कोण कोण आले, हे आजोबांना विचारून लिहून ठेवावे. ज्यांना इतिहासाची आवड आहे, त्यांना साधन शोधायला गडावरच जावे लागते असे नाही.

२३/ तिसरे काम सर्वांत निकडीचे. चित्रनलिकेच्या मागच्या नरसाळ्यासारख्या काचेत क्ष-किरण अडवण्यासाठी शिसे मिसळलेले असते. एका संचात ते किलोभर किंवा त्याहून अधिक भरू शकते. तांब्याच्या गुंडाळीसाठी नलिका फोडली जाते आणि काच ओढ्याकाठी टाकली जाते, तेव्हा ते शिसे तिथेच राहते. निर्वात नलिका आत कोसळून काचा उडतात, तो धोका वेगळा. ई-कचऱ्याचे नियम देशात २०१२ पासून लागू आहेत आणि सुधारित नियम १ एप्रिल २०२३ पासून. त्यामुळे जुना संच अधिकृत संकलकाकडे द्यावा, किंवा नवा घेताना विक्रेत्याला तो परत घेण्यास सांगावे. दोन-तीनशे रुपयांसाठी तो फोडणाऱ्याच्या हाती देऊ नये. कर्जत तालुका अवर्षणप्रवण आहे. विहिरीतील पाण्याचे मोल तेथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

२४/ तंत्रज्ञानाच्या इतिहासात ‘नवे आले आणि जुने हरले’ असे एक वाक्य लिहून मोकळे होण्याची सवय आहे. मिरजगावच्या शोकेसमधला डबा वेगळे सांगतो. प्रक्षेपक बंद झाले, कारखाने थांबले, मेकॅनिकची दुकाने मोबाइलकडे वळली. घराला विचारले गेले ते सर्वांत शेवटी. संच कधी कालबाह्य व्हावा, हे त्या घराच्या हातात नव्हते. तो घरातून कसा जावा, हे मात्र आहे. दिवाळीच्या आधी आजोबा आणि नातू यांनी एक संध्याकाळ कॅसेटची पेटी उघडून बसावे. टीव्ही कोणता घ्यायचा, ते दुसऱ्या दिवशी ठरवले तरी चालेल.