कशाला गेला होतात?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही उभयता मोटारसायकलवरून चाकूरहून किनवटपर्यंत जाऊन आलो. जाऊन-येऊन पाचशे किलोमीटरच्या आसपास रस्ता, तीन दिवस, दोन मुक्काम. बातमी गल्लीत पसरली आणि ज्याने त्याने एकच प्रश्न विचारला, ‘कशाला गेला होतात?’ शेजारच्या काकूंना वाटले, कुणाचे तरी लग्न असणार. किराणा दुकानदाराने हळू आवाजात दवाखान्याची चौकशी केली. आमच्या यजमानांच्या एका मित्राने तर ‘नांदेडला प्लॉट बघितला म्हणा की!’ असा तर्क लढवला. ‘काही नाही, सहज, रस्ता बघायला,’ असे मी सांगितले की समोरच्याचा चेहरा असा होई, जणू मी काहीतरी लपवते आहे.

वार्षिकांकासाठी लेख मागितला गेला तेव्हा मला या प्रश्नाखेरीज दुसरे काही सुचेना. वर्गात मी सगळ्यांपेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी, लग्नानंतर पुन्हा नाव घातलेली. तेव्हा मैत्रिणींनी हे थोरल्या बहिणीचे गाऱ्हाणे समजून वाचावे आणि प्राध्यापक मंडळींनी कृपा करून तांबडी शाई बाजूला ठेवावी.

माझे म्हणणे असे, की आपल्याकडे नवरा-बायकोने मिळून गावाबाहेर पडायला कारण लागते, आणि तेही ठरावीकच. देव, लग्न, मयत, दवाखाना. आपल्या तालुक्यात वडवळ नागनाथचे बेट आहे, औषधी वनस्पतींसाठी नावाजलेले. पण तिथेही जायचे ते दर्शनाला किंवा कुणी सांगितलेली मुळी आणायला. नुसते टेकडीवर बसून वारा खायला गेलो म्हटले तर लोक हसतात. पोटासाठी जाणाऱ्याला मात्र कुणी अडवत नाही. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीची जोडपी भांडी-कुंडी, लेकरे ट्रॅक्टरमध्ये घालून शेकडो किलोमीटर लांबच्या कारखान्यांकडे निघतात. मुकादमाच्या हिशेबात त्या जोडप्याचे नाव ‘एक कोयता’. एकटा माणूस असेल तर ‘अर्धा कोयता’. मराठवाड्यातली सर्वांत लांबचा प्रवास करणारी जोडपी हीच, आणि त्यांना ‘कशाला?’ विचारण्याची गरजही कुणाला वाटत नाही.

असे म्हणावे तर आपली भाषा काही फिरण्याला परकी नाही. महानुभावांच्या आचारधर्मात ‘अटन’ हा शब्दच आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी गोदाकाठ पायी पालथा घातला. वारी तर घरोघरची. परंतु अटन हे वैराग्यासाठी, वारी विठ्ठलासाठी. आपल्या प्रवासवर्णनांत मानाचे पान असलेले विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत सापडले, ते निघाले होते दक्षिणा मिळवून घरचे कर्ज फेडायला. म्हणजे तिथेही कारण आहेच! सायमन आणि लिसा थॉमस नावाचे एक इंग्रज जोडपे २००३ साली दोन मोटारसायकली घेऊन घराबाहेर पडले आणि वर्षानुवर्षे जगभर फिरत राहिले. त्यांनाही शेजाऱ्यांनी काही विचारले असेलच. पण प्लॉट बघायला चाललात का, असे खचित विचारले नसेल.

आमची गाडी एकच, शंभर सी.सी.ची, यजमान रोज कामावर नेतात तीच. आता मुद्दा बसण्याचा. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागे बसणाऱ्यासाठी धरायला दांडा, पाय ठेवायला आधार आणि मागच्या चाकात कपडे अडकू नयेत म्हणून चाकाचा निदान निम्मा भाग झाकणारे साधन सक्तीचे केलेले आहे. यालाच आपण साडीगार्ड म्हणतो. म्हणजे मागे बाई बसणार, साडी नेसून एका बाजूला पाय सोडून बसणार, हे कायद्यालासुद्धा ठाऊक! मी लग्नापासून तशीच बसत आले. बाजार ते घर काही वाटत नाही. पण तसे बसून पाचशे किलोमीटर जायचे म्हणजे कमरेचे दिवाळे. आणि दुसरी गोष्ट मला त्या दिवशी प्रथमच कळली, की एका बाजूला बसले म्हणजे रस्त्याची डावी बाजू तेवढी दिसते. उजवीकडे काही आले तर यजमान सांगणार आणि आम्ही मान वळवेपर्यंत ते मागे पडणार.

मी पंजाबी ड्रेस घातला होता, तरी चाकूरच्या वेशीपर्यंत एकीकडेच बसले. शिरूर ताजबंद ओलांडून मुखेडच्या रस्त्याला लागलो तेव्हा यजमानांनीच गाडी थांबवली आणि म्हणाले, ‘बस आता नीट, इथं आपल्याला कोण ओळखतंय?’ मी दोन्हीकडे पाय टाकून बसले. एवढीशी गोष्ट लिहितानाही मला संकोच वाटतो आहे, यावरूनच वाचकांनी काय ते ओळखावे.

तिथून पुढचा रस्ता मी दोन्ही डोळ्यांनी पाहिला. बालाघाटच्या उतरणीवरची काळी-तांबूस रानं, तुरीला नुकता आलेला पिवळा फुलोरा, सोयाबीन काढून मोकळी झालेली शेते. निम्मा रस्ता वाळत घातलेल्या सोयाबीनने अडवलेला, त्यामुळे समोरून एस. टी. आली की कुणी थांबायचे हा प्रश्न. त्या दाण्यांवरून गाडी घसरते, म्हणून यजमान सावकाश चालवीत आणि मला पाहायला वेळ मिळे. रस्त्याच्या कडेला बाया सीताफळांचे ढीग मांडून बसलेल्या. एकीने आम्हाला पाटीतली फुटलेली फळे तशीच दिली, पैसे घेतले नाहीत, आणि विचारले, ‘कुन्या गावाला निगालाव?’ किनवट म्हटल्यावर ती म्हणाली, ‘माहेर हाय व्हय तुमचं?’

कंधारला किल्ला पाहिला. राष्ट्रकूटांच्या काळापासूनचे हे गाव. त्या काळचा जगत्तुंग सागर हा तलाव अजून तिथे आहे. आपण इतिहासाच्या पेपरात राष्ट्रकूटांवर पाच गुणांची टीप लिहितो ती वेरूळवर. कंधार इतके जवळ असून आमच्या वर्गातल्या किती जणींनी पाहिले आहे म्हणून मी नंतर विचारले, तर तीनच हात वर झाले, आणि त्यातल्या दोघींचे मामा कंधारचे!

पहिला मुक्काम नांदेडला नातेवाइकांकडे. तिथेही ‘काय काम काढलं?’ हे ओघाने आलेच. दुसऱ्या दिवशी भोकर, हिमायतनगर असे गेलो. भोकर सोडल्यावर बाभळीच्या काट्याने पंक्चर झाले. गाडी ढकलत दुकान गाठेस्तोवर पाऊण तास गेला, आणि त्या पाऊण तासात आम्ही दोघे जेवढे बोललो तेवढे वर्षभरात बोललो नसू. घरात माणसे असतात, टी. व्ही. असतो, मोबाइल असतो. गाडीवर वाऱ्यामुळे बोलणे ऐकू येत नाही, पण थांबले की साचलेले सगळे बाहेर येते. यजमानांना शाळेत असताना चित्रे काढायचा नाद होता हे मला लग्नाला सात वर्षे झाल्यावर भोकरच्या पुढे कळले.

इस्लापूरजवळ सहस्रकुंडला पैनगंगा काळ्या खडकावरून खाली कोसळते. नदीच्या अलीकडे मराठवाडा, पलीकडे विदर्भ. पावसाळा संपलेला असला तरी पाणी पुष्कळ होते. आम्ही तिथे दीड-दोन तास नुसते बसलो. पुढे किनवटकडे सागाचे जंगल सुरू होते. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या जिल्ह्यातल्या माणसाला एवढे पाणी आणि एवढी झाडे एकाच दिवशी पाहून काय वाटते ते मला नीट लिहिता येणार नाही. किनवटच्या बाजारात मराठी, तेलुगू आणि बंजारा बोली एकाच तराजूभोवती ऐकू येतात. तिथेच रात्र काढली.

आणि सकाळी परत फिरलो. इथेच खरी भानगड झाली. किनवटहून माहूर म्हणजे तासा-दीड तासाचा रस्ता. रेणुकामाता एवढ्यावर असताना आम्ही दर्शन न घेता माघारी आलो, हे कळल्यावर आत्याबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांचा राग मला समजतो. त्यांच्या सगळ्या आयुष्यात चाकूर सोडून त्या जिथे जिथे गेल्या, त्या देवाच्या नावावर गेल्या. देव नसता तर त्यांना घराबाहेर पडताच आले नसते. मी देवाला नको म्हणत नाही. पण माहूरला गेलो असतो तर सगळ्यांच्या प्रश्नाला आयते उत्तर मिळाले असते, आणि मला ते उत्तर या वेळी नको होते. हा हट्ट आहे, मान्य. यजमानांना तो पटला की नाही कोण जाणे, त्यांनी मुकाट्याने गाडी वळवली.

परतताना वेळ नव्हता म्हणून लोहा-अहमदपूरचा राष्ट्रीय महामार्ग धरला. रस्ता झकास. पण मोठी वाहने इतक्या वेगाने अंगावरून जातात, की मागच्या माणसाने डोळे मिटून घ्यावेत. समृद्धी महामार्गावर तर दुचाकीला मज्जावच आहे. सुरक्षिततेसाठी असेल, वाद नाही. मात्र आमच्यासारख्यांचा प्रवास यापुढे आडरस्त्यांवरच, आणि त्यांच्या खड्ड्यांकडे कुणी पाहावे एवढीच विनंती. घरी येऊन हिशेब केला. पेट्रोल हजार रुपयांच्या आत, पंक्चर, चहा, किनवटची खोली. एका लग्नाच्या आहेराएवढाही खर्च नाही. चाकूरची वेस आल्यावर, खरे सांगते, मी गाडी थांबवून पुन्हा एकीकडे पाय करून बसले.

पंधरा दिवसांनी आत्याबाई भाजी निवडत बसल्या होत्या. वर न बघताच म्हणाल्या, ‘ते सहस्रकुंड म्हणतात ते माहूरच्या अलीकडं का पलीकडं?’

मी म्हणाले, ‘अलीकडं.’